सुलाबाईला समुद्र बघायचा होता

रविराजचा फोन आला तेव्हा सोनिया अंगणात बुलेटच्या साखळीला तेल लावत बसली होती. डिसेंबरातली सकाळ. कडेगावच्या शिवारात उसावर धुकं अजून बसून होतं आणि तेलकट बोटं गारठून गेली होती. तिनं कोपरानंच फोनचा स्पीकर लावला.

"सुट्टी रद्द झाली," रविराज म्हणाला. "आमच्या तुकडीतल्या सगळ्यांचीच."

सोनिया साखळीला तेल लावतच राहिली. त्यानं दोनदा "हॅलो, हॅलो" केलं.

रविराज फौजेत होता, पार वर, बर्फात. दिवाळीच्या आधीपासून दोघांचं फोनवर एकच चाललं होतं. नाताळच्या सुट्टीत तो घरी येणार, आणि दोघं बुलेट काढून कोकणात उतरणार. बर्फात उभं राहून राहून त्याला एकाच गोष्टीची भूक लागली होती, ती म्हणजे उन्हाची. "मला घाम आला पाहिजे, सोनिया. नारळाच्या झाडाखाली घाम पुसत बसायचंय." मग सोनिया फोनवर नकाशा उघडायची. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, तिथून गुहागर. पुढं समुद्र उजव्या हाताला धरून खाली खाली, रत्नागिरी, देवगड, मालवण. येताना गगनबावड्यानं वर. कुठल्या खाडीवर पूल आहे, कुठं गाडी होडीत चढवायला लागते, कुठं पेट्रोल भरून घ्यायचं, सगळं तिनं ठरवून ठेवलं होतं. कडेगावात ती बायकांना गाडी शिकवायची. शाळांना सुट्टी लागली की शिकणाऱ्या बायकांना पोरांमुळं सवड नसते, म्हणून तिनंही त्या दिवसांत वर्ग बंद ठेवला होता.

"तू तुझ्या मैत्रिणीला, फिर्दोसला घेऊन जा," रविराज म्हणाला. "नाहीतर एकटी जा. तुला काय, जमतंय."

"बघते," सोनिया म्हणाली आणि फोन ठेवला.

पडवीत तिची सासू सुलाबाई सुपात जोंधळा पाखडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पण सूप थांबलं नाही. सुलाबाई तशीच होती. उंच, वाळकी, आणि बोलायला लय कमी. सोनिया आष्ट्याची, एका ट्रक ड्रायव्हरची लेक. लग्न होऊन आली ती बापानं दिलेल्या बुलेटवर बसूनच. भावकीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले होते. सुलाबाई मात्र गाडीभोवती एक फेरी मारून एवढंच म्हणाली होती, "हिला सावलीत लाव." ते कौतुक होतं की नापसंती, हे सोनियाला अजून उमगलेलं नव्हतं.

सूप खाली ठेवून सुलाबाई म्हणाली, "कुठवर जानार हुता तुमी?"

"मालवणपर्यंत, आत्या."

"वाटंत समिंदर लागतो?"

"लागतो म्हंजे? सगळी वाट समुद्राच्या कडंनंच हाय."

सुलाबाईनं पदराला हात पुसले. "मग मला ने," ती म्हणाली.

सोनियाला वाटलं, सासू गंमत करतीय. पण सुलाबाईनं आयुष्यात कधी गंमत केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"आत्या, तुमी तर कोकणात किती वेळा गेलाय. लग्न झाल्यापासनं मेंढरं घिऊन दर साली जात हुता म्हणं."

"जात हुतो की. दिवाळी झाली की आमचा मेंढरांचा वाडा निघायचा. घोड्यावर बिऱ्हाड, फुडं मेंढरं, मागनं आमी. कुंभार्ली उतरायची, भाताच्या रानात मेंढरं बसवायची, पाऊस तोंडावर आला की माघारी. रवी तर तिकडंच झाला." ती थोडं थांबली. "पर समिंदर न्हाई बघितला."

"एकदा पण?"

"रात्रीचा आवाज यायचा त्येचा. वारं त्या अंगाचं असलं की खारट वास यायचा. मी म्हनायची ह्यास्नी, जाऊन येऊ या की, हितंच तर हाय. तर हे म्हनायचे, तिथं गवत हाय का? नसंल तर कशाला जायाचं?"

गोठ्याच्या दारात सुलाबाईचा नवरा, नानासो, काठीवर हनुवटी टेकून उभा होता. टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलं, माळ फुटले, ऊस झाला, आणि चरायला जागाच उरली नाही. तेव्हा त्यानं खांडातली बहुतेक मेंढरं विकली आणि जीव रमावा म्हणून थोडी ठेवली. तो म्हणाला, "मग? खोटं बोललू का? वाळू खाऊन मेंढरं जगत्यात व्हय?"

"मी कुठं मेंढरू हाय?" सुलाबाई म्हणाली आणि परत सूप उचललं.

त्या दिवशी दुपारी सोनियानं रविराजला परत फोन लावला. ऐकून तो आधी हसला, मग घाबरला.

"आईला? बुलेटवर? सोनिया, तिचे गुडघे बघितलेस का? घाटात थंडी किती असते! एसटीनं ने, नाहीतर भाड्यानं गाडी कर."

सुलाबाईनं हात पुढं केला. सोनियानं फोन दिला.

"रवी," सुलाबाई म्हणाली, "तू पोटात असताना मी कुंभार्ली चालत उतरल्ये. आता नुसतं बसून उतरायचं हाय. थंडीचं मला सांगू नगंस. आन् तू कानटोपी घाल." फोन तिनं सोनियाच्या हातात परत दिला, आणि तो विषय तिच्या लेखी तिथंच संपला.

मग सगळा बेत नव्यानं सुरू झाला. नवरा-बायकोसाठी आखलेला प्रवास सासूसाठी बदलायचा म्हणजे काय काय बदलावं लागतं, ते सोनियाला दिवसेंदिवस कळत गेलं. एका दिवसाचं अंतर कमी केलं. पहाटे निघायचं काढून टाकलं, ऊन अंगावर आल्यावरच निघायचं ठरलं. समुद्रावरचं तंबूतलं राहणं गेलं आणि घरगुती खोल्या आल्या. सुलाबाईला मात्र त्या तंबूचंच नवल वाटलं. "आमी काय वाड्यावर पलंगावर निजत हुतो का? घोंगडं घेऊ की," ती म्हणाली. सोनियानं तंबू परत घेतला.

खरी अडचण बसण्याची होती. गावाजवळच्या डोंगराईच्या चढावर चाचणी घ्यायला म्हणून सोनिया तिला घेऊन गेली. सुलाबाईनं नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला आणि घोड्यावर टाकतात तसा पाय पलीकडं टाकला. रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टरवाला ते बघायला थांबला. पण पहिल्याच वळणावर गाडी उजवीकडं झुकली आणि सुलाबाई डावीकडं. सोनियानं कसाबसा तोल सावरला आणि गाडी कडेला घेतली.

"आत्या, मी झुकले की तुमी बी झुकायचं. उलटं न्हाई."

"पडू न्हाई म्हनून झुकल्ये."

"तुमी उलटं झुकलात तर नक्की पडू."

सुलाबाईनं जरा विचार केला. "म्हंजे तुझ्यावर सोडून द्यायाचं."

"व्हय."

"हे अवघड हाय," ती म्हणाली. सोनिया हसली, पण सुलाबाई मनापासून बोलत होती. नवरा मेंढरांमागं आणि आपण बिऱ्हाडामागं, असा तिचा सगळा जन्म स्वतःच्या पायावर गेला होता. दुसऱ्याच्या पाठीला धरून ती कधी वाट चालली नव्हती. तरी चौथ्या-पाचव्या वळणाला ती सोनियाबरोबर झुकली. त्यानंतर मागं कुणी बसलंय हे सोनियाला विसरायला व्हायचं, इतकी ती हलकी आणि बरोबर बसू लागली.

सीटसाठी दोघी उंब्रजला गेल्या. तिथं हायवेला लागून दिलावरचं सीटकव्हरचं दुकान होतं. त्याची बायको फिर्दोस ही सोनियाची मैत्रीण. ती गाडी सोनियाकडूनच शिकली होती. दिलावरनं सुलाबाईला बुलेटवर बसवून मागून-पुढून पाहिलं, फोमचा तुकडा कापून आणला, परत कापला, आणि पाठीला टेकायला एक छोटी गादी बसवून दिली.

"आवं मावशी, आतनं सलवार घाला की माझी," फिर्दोस म्हणाली. "घाटात वारं शिरतं."

"माझं लुगडंच बरं, पोरी. पाय टाकायला मोकळं."

फिर्दोसनं मग चहा पाजला, लाल हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवून पट्टा लावला आणि दोन पावलं मागं सरून बघत राहिली. "दिलावर, बघा तर," ती म्हणाली, "मावशी कशा रुबाबदार दिसत्यात!" दिलावर हातातली कात्री तशीच धरून बघत उभा राहिला. सुलाबाईनं दुकानाच्या काचेत स्वतःला न्याहाळलं. "डोकं लय मोठं दिसतंय," ती म्हणाली, पण हेल्मेट लगेच काढलं नाही.

निघायच्या दिवशी सामान सुलाबाईनंच बांधलं. दोन्ही बाजूंच्या पिशव्या तिनं हातात तोलून पाहिल्या, इकडची भाकरीची चवड तिकडं घातली, तिकडचं घोंगडं इकडं आणलं. नानासो मेंढरं सोडून फाटकापर्यंत आला. गाडी वळेपर्यंत तो तिथंच उभा होता.

पाटण सोडलं आणि डोंगर जवळ आले. कोयनानगरच्या पुढं थंडी एवढी की सोनियाची बोटं ब्रेकवर बधीर झाली. घाटमाथ्यावर तिनं गाडी थांबवली. सुलाबाई उतरली आणि कठड्याशी जाऊन खाली बघत उभी राहिली. खाली कोकण उन्हात पसरलं होतं.

"हितनं उतरायचो आमी," ती म्हणाली. "ह्या डांबरीनं न्हाई, त्या डोंगराच्या दांडानं. घोडं एकदा घसरलं हुतं. कोंबड्या पळाल्या, भांडी खाली गेली. रवीच्या वेळंला मी ह्या दगडावर बसल्ये आन् म्हनलं आता उठत न्हाई." ती सांगत होती ते तक्रार म्हणून नव्हे, नुसतं जसं घडलं तसं. सोनियानं त्या दांडाकडं बघितलं. उभा कडाच होता तो. असल्या वाटेवर, पोट घेऊन, मेंढरांच्या मागं! नकाशावर बोटानं घाट सरकवताना तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं की ही वाट कुणी अशी चालून गेलं असेल. तिनं सासूच्या पायांकडं बघितलं आणि तिला चढायला हात दिला. सुलाबाईनं हात धरला नाही. आपला पाय आपणच टाकला.

घाट उतरेल तशी हवा बदलली. पोफळीपाशी स्वेटर निघाले, चिपळुणात गळपट्टे. मार्गताम्हाण्याच्या पुढं एका अरुंद पुलावर मात्र गाड्यांची रांग लागलेली दिसली. एक बस, दोन टेम्पो, मागं मोटारी, आणि सगळे हॉर्न वाजवत होते. सोनियानं कडेकडेनं बुलेट पुढं घेतली.

पुलाच्या तोंडाशी मेंढरांचं मोठं खांड अडून बसलं होतं. कठड्याचं काम चाललं होतं. तिथं नारिंगी प्लॅस्टिकची पट्टी बांधलेली होती आणि ती वाऱ्यानं फडफडत होती. मेंढरं तिला बुजली होती आणि एकही पाऊल टाकत नव्हती. मागं बिऱ्हाडाचं घोडं आणि एक तरुण बाई. ती एकटीच काठी घेऊन इकडून तिकडं धावत होती. बसचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता आणि बाई रडायच्या घाईला आली होती.

सोनिया गाडी स्टँडला लावेपर्यंत सुलाबाई उतरलीही होती. तिनं हेल्मेट काढून सोनियाच्या हातात दिलं. आधी ती बसच्या ड्रायव्हरकडं गेली. "बाबा, भोंगा वाजवू नगं. जितका वाजवशील तितका येळ लागंल," ती शांतपणे म्हणाली. का कोण जाणे, पण ड्रायव्हरनं हात काढला. मग खांडात शिरून तिनं एक कोकरू निवडलं, छातीशी उचललं आणि पुलावर चालू लागली. कोकरू ओरडलं. त्याची आई मान वर करून ओरडली आणि त्याच्या मागं निघाली. सुलाबाई जिभेनं टकटक करत, मागं न बघता चालत होती. त्या मेंढीमागं दुसरी निघाली, मग तिसरी, आणि बघता बघता सगळं खांड पाण्याचा लोट आल्यासारखं पुलावरून वाहू लागलं.

सोनिया हेल्मेट कवटाळून बघत राहिली. घरी पडवीत जोंधळा पाखडणारी, दोन शब्दांवर तिसरा न बोलणारी बाई ती हीच का? पाठ ताठ, पाऊल सावकाश, आणि मागं शेकडो जिवांचा विश्वास. बसमधल्या माणसांनी फोन काढले होते. सोनियाला फोटो काढायचं सुचलंच नाही.

पलीकडं त्या बाईनं सुलाबाईचे पाय धरले. तिचं नाव मंगल. माणदेशातली होती. नवरा, गुंडा, पुढच्या गावी रान बघायला गेला होता आणि मागं असं झालं होतं.

"मावशी, तुमी आपल्यातल्याच! तुमचा वाडा कुठं उतरलाय?"

सुलाबाईनं बुलेटकडं बोट केलं. "ह्यो काय. दोन चाकाचा हाय."

मंगल हसली, डोळे पुसत हसली. सुलाबाईनं विचारलं, "तू समिंदर बघितलास?"

"न्हाई जी. दर साली येतो, पर मेंढरं सोडून कुठं जायाचं?"

 मुक्काम कुठं पडणार तेवढं सुलाबाईनं नीट विचारून घेतलं. पुढच्या गावच्या शाळेमागचं भाताचं रान.

सूर्य कलला होता तेव्हा दोघी गुहागरच्या सुरूच्या बनातून बाहेर आल्या. सुलाबाईनं चपला हातात घेतल्या आणि वाळूवर आली तशी थांबली. समोर सगळं उघडं होतं. बराच वेळ ती हलली नाही.  मग ती पाण्यापर्यंत चालत गेली, घोटाभर पाण्यात उभी राहिली, वाकून ओंजळ भरली आणि जिभेला लावली.

"आगागा!" ती म्हणाली. "एवढं पाणी, आन् एका मेंढराच्या उपेगाचं न्हाई."

लाट आली आणि काष्टा भिजला. ती मागं सरली नाही. दुष्काळात टँकरमागं हंडा घेऊन धावलेली बाई ती. पाणी आपणहून पायाशी येतंय, जातंय आणि परत येतंय, हे बघत ती अंधार पडेपर्यंत तिथंच राहिली. परत फिरताना तिनं सोनियाच्या दंडाला धरलं, वाळूत पाय रुततो म्हणून. "तुझ्या बापानं गाडी चांगली दिली," ती म्हणाली.  सोनिया फक्त "व्हय" म्हणाली.

सकाळी चहा घेताना सोनियानं नकाशा उघडला. आज खाडी ओलांडून खाली जायचं होतं, ऊन वाढायच्या आत रत्नागिरी गाठायची होती.

"माघारी चल," सुलाबाई म्हणाली.

"बरं वाटत न्हाई का?"

"मला काय झालंय? त्या मंगलकडं चल. मी मेंढरांपाशी बसते. तू तिला समिंदर दाव."

"आत्या, मालवण?"

"मालवण कुठं पळून चाललंय?"

शाळेमागच्या रानात मेंढरं बसली होती. गुंडानं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "समिंदरात काय हाय, मावशी? उगं तुमास्नी तरास."

सुलाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं काठी मुकाट तिच्या हातात दिली. मंगल लाल हेल्मेट घालून बसली. सोनियानं तिला सांगितलं, मी झुकले की झुकायचं. तिला सांगायची गरजच नव्हती, पहिल्या वळणापासूनच ती झुकली. वाटेत ती सारखी काहीबाही बोलत होती, गाणं म्हणत होती. पाण्याशी पोचल्यावर मात्र गाणं अर्धंच राहिलं. मग लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून लाटांत शिरली आणि लहान पोरीसारखी किंचाळली.

दुपारी त्या परत आल्या तेव्हा चुलीवर भाकरी चालली होती. सुलाबाई थापत होती आणि गुंडा बाजूला कोकराला दूध पाजत होता. मंगल ओल्या लुगड्यानं तशीच येऊन बसली.

"काय हाय तिथं?" गुंडानं विचारलं.

"मला न्हाई सांगता यायाचं," मंगल म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

गुंडानं कोकरू खाली ठेवलं. मग बुलेटकडं बघून, सीटवर हलकेच हात फिरवून म्हणाला, "लय लांब हाय का वो?"

तेवढ्यात सोनियाचा फोन वाजला. रविराज होता, मागं वाऱ्याचा सूं सूं आवाज. "कुठवर पोचलात? रत्नागिरी आली?"

"गुहागरातच हाय अजून," सोनिया म्हणाली. "तुझी आई लोकांना समुद्र दाखवतीय."

"म्हंजे?"

"जेवून सांगते." तिनं फोन ठेवला. सुलाबाईनं पहिली भाकरी तिच्यापुढं सारली आणि चुलीतलं लाकूड पुढं ढकलत म्हणाली, "खा आन् ह्या गुंडाला बी दावून आण. मी हाय हितं."

सोनियानं भाकरीचा तुकडा मोडला आणि मालवणचा मुक्काम मनातल्या मनात आणखी एका दिवसानं पुढं ढकलला.